आजी, आपण ड्रोन घेऊ या?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आईबाबांना विचारला तर "आधी अभ्यास" असं उत्तर मिळतं, म्हणून मग तो आजी-आजोबांकडे येतो. माझ्या नातीनंही तो मलाच विचारला. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे मला तो फारच आवडला. तेव्हा मुलांनो, आजचा लेख एकट्यानं वाचू नका. आजीला किंवा आजोबांना शेजारी बसवा, त्यांचा चष्मा आणून द्या आणि दोघं मिळून वाचा. ड्रोन दोघांनी मिळून घ्यायचा आहे, दोघांनी उडवायचा आहे आणि आदळला तर दुरुस्तही दोघांनीच करायचा आहे.

दुकानात गेलं, की समोर खोकीच खोकी. एकावर कॅमेऱ्याचं चित्र, दुसऱ्यावर डोंगरावरून झेपावणारा ड्रोन, तिसऱ्यावर भलेमोठे आकडे. खोकं बघून ठरवायला गेलात तर हमखास गोंधळ उडणार. त्यापेक्षा हे यंत्र हवेत थांबतं कसं, ते आधी समजून घेऊ. तेवढं कळलं, की पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, हे तुम्हीच दुकानदारकाकांना सांगाल.

पंखे चारच का?

खेळण्यातल्या जवळजवळ प्रत्येक ड्रोनला चार पंखे असतात. पंखा फिरतो, हवेला खाली ढकलतो आणि हवा पंख्याला वर ढकलते. हा झाला न्यूटनचा तिसरा नियम. पण नुसतं वर उचलायला एक मोठा पंखाही पुरला असता. मग चार कशाला?

आजोबांची फिरती खुर्ची असेल तर तिच्यावर बसा. दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि कमरेपासून वरचं अंग झटकन उजवीकडे वळवा. खुर्ची डावीकडे वळली ना? मोटर पंख्याला एका दिशेनं फिरवते, तेव्हा ड्रोनचं अंगही असंच उलट दिशेला वळू पाहतं. पंखा एकच असता, तर ड्रोन हवेत स्वतःभोवती गरगरत राहिला असता. हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा उभा पंखा दिसतो, तो हे गरगरणं थांबवण्यासाठीच असतो. ड्रोननं मात्र दुसरी युक्ती केली. त्याचे दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात आणि दोन उलट दिशेनं. कर्णावरचे, म्हणजे तिरके समोरासमोरचे दोन पंखे एकाच दिशेचे. दोन्ही जोड्यांचा जोर एकमेकांना रद्द करतो आणि ड्रोन स्थिर राहतो.

आता खरी गंमत. या ड्रोनला सुकाणू नाही, शेपटी नाही, पात्यांचा कोन बदलणारे सांधे नाहीत. तो जे काही करतो, ते फक्त चार मोटरींचा वेग कमीजास्त करून. वर जायचं? चारही मोटरी जोरात. पुढे जायचं? मागच्या दोन जोरात, पुढच्या दोन हळू, की ड्रोन नाक खाली करून झुकतो आणि पुढे सरकतो. डावीकडे जायचं असेल, तर उजव्या बाजूच्या दोन जोरात. इथवर सोपं आहे. पण जागच्या जागी वळायचं असेल तर? थांबा, पुढचं वाक्य वाचू नका. आजीला विचारा, दोघं मिळून विचार करा.

सुचलं? एका कर्णावरचे दोन पंखे जोरात फिरवायचे आणि दुसऱ्या कर्णावरचे तेवढेच हळू. एकूण उचल तेवढीच राहिली, म्हणून ड्रोन वरही जात नाही आणि खालीही येत नाही. पण दोन जोड्यांमधली बरोबरी मोडली, म्हणून तो जास्त जोरात फिरणाऱ्या जोडीच्या उलट दिशेला वळतो. मला स्वतःला ही युक्ती इतकी देखणी वाटते, की फळ्यावर ती समजावताना नेहमी थोडी घाईच व्हायची, कधी एकदा मुलांच्या डोळ्यांत ती उमटते असं वाटायचं.

पंखे दोन प्रकारचे असतात, हे यातूनच आलं. पंख्याचं पातं नीट बघा. त्याची तिरकी बाजू दोन पंख्यांत एकीकडे असते आणि उरलेल्या दोघांत दुसरीकडे. त्यांच्यावर बारीक अक्षरंही कोरलेली असतात, बहुतेक वेळा ए आणि बी. एक पंखा तुटला म्हणून नवा बसवला आणि ड्रोन उडायच्या ऐवजी कोलांटी मारू लागला, तर समजा, की ए च्या जागी बी बसला. तो पंखा बिचारा हवेला वर ढकलत असतो.

आणि तो आवाज? छोटा ड्रोन उडताना अगदी कानाशी डास आल्यासारखं वाटतं. त्याचाही हिशेब करू. समजा, पंखा मिनिटाला १५,००० फेऱ्या घेतो. म्हणजे सेकंदाला २५०. पंख्याला पाती दोन, म्हणून हवेला सेकंदाला ५०० धक्के बसतात. डासाची मादी उडताना सेकंदाला साधारण ४०० ते ६०० वेळा पंख हलवते. धक्क्यांची संख्या जुळली, म्हणून सूर जुळला.

शंभर वर्षं अडलेली गोष्ट

चार पंख्यांनी उडायची कल्पना अगदी नवी असेल, असं तुम्हाला वाटत असणार. मुळीच नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये लुई आणि जाक ब्रेगे या भावांनी शार्ल रिशे या प्राध्यापकांच्या मदतीनं चार मोठ्या फिरत्या पंख्यांचं यंत्र बांधलं. त्यात माणूस बसला आणि ते उडालंही, जेमतेम दोन फूट! चार कोपऱ्यांना चार माणसं ते धरून उभी होती, नाहीतर ते कलंडलंच असतं. १९२२ साली अमेरिकेत जॉर्ज डी बोथेझाट यांनी सैन्यासाठी असंच चार पंख्यांचं यंत्र उडवलं. १९२४ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या एतियेन ओमिशेन यांनी तर आपल्या यंत्रातून १ किलोमीटरची फेरी पूर्ण केली. आणि तरीही ही यंत्रं मागे पडली आणि एका मोठ्या पंख्याचं हेलिकॉप्टर पुढे गेलं.

का बरं? तळहातावर लांब काठी उभी धरून बघा. काठी जरा कलली, की हात तिच्याखाली न्यावा लागतो, मग ती दुसरीकडे कलते, की हात पुन्हा पळवायचा. चार पंख्यांचं यंत्र असंच सतत कलायला टपलेलं असतं. माणसानं चार पंखे एकाच वेळी सांभाळायचे आणि तेही क्षणाचीही उसंत न घेता. चांगल्या चांगल्या वैमानिकांना ते काम अवघड गेलं. यंत्र बरोबर होतं, पण ते सांभाळायला पुरेसा चपळ मेंदू नव्हता.

तो मेंदू आता तुमच्या खेळण्यात आहे. ड्रोनच्या पोटात नखाएवढी एक काळी चौकोनी चिप असते. तिच्यात सिलिकॉनचे इतके बारीक ठोकळे असतात, की डोळ्यांना दिसणारच नाहीत. ते एका रेषेत मागेपुढे थरथरत असतात, सेकंदाला हजारो वेळा. ड्रोन जरा वळला, की त्या ठोकळ्यांची वाट वाकते, ते किंचित बाजूला सरकतात. किती सरकले, ते मोजलं की ड्रोन किती वेगानं वळतोय, ते कळतं. यालाच जायरोस्कोप म्हणतात.

वाट वाकण्याच्या या गोष्टीला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. हे नाव भूगोलाच्या तासाला ऐकल्यासारखं वाटतंय का? बरोबर! दक्षिण गोलार्धातून आलेले वारे विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे उजवीकडे वळतात, म्हणून ते आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतात. कोकणात पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्यांची वाट ज्या कारणानं वाकते, त्याच कारणानं तुमच्या ड्रोनमधल्या त्या अदृश्य ठोकळ्यांचीही वाकते. गास्पार कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३५ साली हे गणितात मांडलं, तेव्हा ते एक दिवस मुलांच्या खेळण्यात जाऊन बसेल, असं कोणाला वाटलं असेल?

जायरोस्कोप सांगतो, "डावीकडे कलतोय," आणि ड्रोनमधला छोटा संगणक लगेच डाव्या मोटरींचा वेग वाढवतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. तुम्ही रिमोटवर काहीच करत नसलात, तरी तो आपला तोल सांभाळण्यात गढलेला असतो.

म्हणूनच एक काम न विसरता करा. बॅटरी जोडून ड्रोन सुरू केला, की तो सपाट जमिनीवर ठेवा आणि काही सेकंद हात लावू नका. "हलत नाही म्हणजे काय" हे तो त्या वेळात मोजून घेत असतो. हातात धरून सुरू केलात, तर तुमच्या हाताची हालचालच त्याला स्थिर वाटेल आणि मग उडाल्यावर तो आपोआप एका बाजूला सरकत राहील. ड्रोन बिघडला म्हणून पुष्कळ लोक दुकानात परत जातात, तो खरं तर असा चुकीचा शून्य शिकलेला असतो.

आता दुकानात चला

पहिला प्रश्न वजनाचा विचारा. भारतात २०२१ साली ड्रोनचे नवे नियम आले. त्यात २५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या ड्रोनला नॅनो म्हटलंय आणि तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. खेळण्यातले बहुतेक ड्रोन याच्या कितीतरी खाली, ३० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतात. मी तर म्हणेन, पहिला ड्रोन तळहातावर मावेल इतकाच घ्या.

लहान ड्रोन कमकुवत असेल, असं वाटतं ना? उलट आहे. एखाद्या ड्रोनची लांबी, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं, तर त्याचं वजन आठपट होतं. पण त्याच्या हातांच्या छेदाचं क्षेत्रफळ, ज्यावर त्यांची ताकद अवलंबून असते, ते दोन्ही बाजूंनी दुप्पट म्हणजे चौपटच होतं. वजन आठपट, ताकद चौपट. म्हणून मोठा ड्रोन पडला की हात मोडतो आणि चिमुकला पडला की टुणकन उडून पुन्हा तयार. तुम्ही सुरुवातीला ड्रोन पाडणार आहात, भरपूर पाडणार आहात, आणि पाडल्याशिवाय कोणी शिकलेलंच नाही.

दुसरी गोष्ट पंख्यांभोवतीचं कुंपण. दुकानात त्याला गार्ड म्हणतात. पंख्यांना नुसता अर्धवट कडा असलेला नको, चारही बाजूंनी बंद असलेला बघा. आजीची बोटं, तुमचे केस, खिडकीचा पडदा, सगळ्यांची काळजी तो घेतो. गार्ड असला तरी लांब केस बांधा. केस मोटरीच्या दांडीत गुंडाळला गेला तर दुखतं आणि मोटरही अडते. ड्रोन एका बाजूला ओढला जाऊ लागला, तर आधी पंख्याखाली केस किंवा दोरा अडकलाय का ते बघा. तो चिमट्यानं काढणं हे आजोबांचं काम.

तिसरी गोष्ट, आणि आजी-आजोबांसाठी ही सगळ्यात मोलाची, म्हणजे उंची धरून ठेवण्याची सोय. खोक्यावर 'अल्टिट्यूड होल्ड' असं लिहिलेलं असतं. ही सोय नसेल तर अंगठ्यानं जोर सतत सांभाळावा लागतो, नाहीतर ड्रोन छताला तरी भिडतो किंवा फरशीवर तरी आपटतो. ही सोय असेल तर रिमोटची दांडी सोडली, की ड्रोन आहे त्या उंचीवर थांबतो. ते त्याला कळतं कसं? त्याच्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, हे तुम्ही शिकलात. पण एक मीटर वर गेल्यावर तो कमी होतो साधारण १२ पास्कलनं, आणि एकूण दाब असतो लाखभर पास्कल! तेवढा बारीक फरक हे खेळणं ओळखतं. त्यामुळेच कोणी दार धाडकन लावलं, तर खोलीतला दाब क्षणभर बदलतो आणि ड्रोन दचकून वरखाली होतो. करून बघा.

थोड्या महाग ड्रोनना पोटाखाली एक बारीकसा कॅमेरा असतो. तो फोटोंसाठी नसतो. तो जमिनीची नक्षी बघत राहतो आणि नक्षी सरकली, की आपणच सरकलो हे ओळखून ड्रोनला जागेवर आणतो. आपल्या घरांत मात्र पांढऱ्या, गुळगुळीत, चकचकीत फरश्या असतात. त्यांच्यावर बघायला नक्षीच नाही, मग तो गोंधळतो. उपाय अगदी घरगुती आहे. आजीची रंगीत सतरंजी खाली अंथरा.

फोटो काढणारा कॅमेरा हवा का? मुलांनो, तुम्हाला तो हवा असणार, मला माहीत आहे. पण पहिल्या ड्रोनला कॅमेरा घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. स्वस्त ड्रोनच्या कॅमेऱ्याची चित्रं धुरकट असतात, त्याचं वजन बॅटरी खातं, आणि फोनच्या पडद्याकडे बघत उडवलं तर ड्रोनकडे लक्षच राहत नाही. शिवाय समोरच्या घरातल्या काकूंना त्यांच्या खिडकीसमोर कॅमेरा घिरट्या घालतोय, हे आवडणार नाही आणि त्यांचं बरोबरच आहे. कॅमेऱ्याचे पैसे वाचवा आणि त्यात जादा बॅटऱ्या घ्या.

कारण बॅटरी हेच या खेळण्याचं दुखणं आहे. लहान ड्रोन एका चार्जवर पाच ते आठ मिनिटं उडतो आणि पुन्हा चार्ज व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. मग मोठी बॅटरी का नाही बसवत? कारण मोठी बॅटरी जड, जड ड्रोनला जास्त जोर, जास्त जोराला जास्त वीज. वाढवलेली वीज स्वतःला उचलण्यातच जाते. दोन-तीन जादा बॅटऱ्या असल्या, की एक उडते, एक थंड होते, एक चार्ज होते. या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आहेत, त्यांच्याशी खेळ नको. चार्जिंग मोठं माणूस खोलीत असतानाच करायचं, उशीवर किंवा गादीवर ठेवून नाही, फरशीवर. उडवून आल्या आल्या बॅटरी गरम असते, ती निवू द्या, मग चार्जला लावा. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती टोचायची नाही, दाबायची नाही, वापरायचीही नाही. आजोबांना सांगा, ते ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतील.

जादा पंखे, रिमोटवर मोटरी एकदम बंद करणारं बटण आणि वेगाच्या दोन-तीन पायऱ्या, एवढंही बघून घ्या. हे बंद करायचं बटण आजीच्या अंगठ्याला आधी पाठ व्हायला हवं. ड्रोन पडद्यात अडकला आणि मोटरी फिरायच्या थांबल्या नाहीत, तर त्या तापून जळतात.

खोक्यावर '१४ वर्षांवरील' असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ असा, की तो ड्रोन १४ वर्षांखालच्या मुलांसाठी केलेला नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं भारतात सक्तीचं आहे. ते चिन्ह, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता खोक्यावर आहे का, हे आजोबांना वाचायला सांगा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशात बनवलेले तयार ड्रोन आयात करायलाही आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे नाव-गाव नसलेलं खोकं घरी आणू नका. आपल्याकडेही चांगलं काम चाललंय. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांच्या 'द्रोणा एव्हिएशन'चा 'प्लूटो' हा छोटा ड्रोन आपण स्वतः जोडायचा आणि त्याला स्वतःच्या सूचना लिहून द्यायच्या, अशा बेतानं केलेला आहे. 'थ्री इडियट्स' तुम्ही पाहिला असेल. २००९ सालच्या त्या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीबाहेर उडणारा चार पंख्यांचा ड्रोनही आयआयटी मुंबईतूनच बाहेर पडलेल्या 'आयडियाफोर्ज' या कंपनीनं बनवला होता.

पंखा बंद करा!

पहिलं उड्डाण घरात, दिवाणखान्यात. आणि त्याआधी छताचा पंखा बंद! हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. टेबलावरचे पेले उचला, पडदे बांधून ठेवा, मांजराला दुसऱ्या खोलीत न्या.

ड्रोनची मागची बाजू आपल्याकडे, नाक पलीकडे. रिमोटची डावी दांडी वर-खाली आणि जागच्या जागी वळण्यासाठी, उजवी दांडी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. बहुतेक रिमोट असेच असतात. सुरुवातीला उजव्या दांडीला हातच लावू नका. ड्रोन उचला आणि लगेच कमरेएवढ्या उंचीवर न्या. फरशीच्या अगदी जवळ रेंगाळू देऊ नका, कारण पंख्यांनी खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून पसरते आणि ड्रोन त्या हवेवर इकडेतिकडे घसरतो. छताच्याही फार जवळ नको. तिथे पंख्यांच्या वरची हवा ओढली जाते, दाब कमी होतो आणि ड्रोन छताला जाऊन चिकटतो. माझ्या नातीला हे इतकं आवडलं, की ती मुद्दाम करून दाखवायला लागली.

नुसतं एका जागी थांबवून ठेवणं जमलं, की मग सतरंजीच्या चार कोपऱ्यांवरून चौकोन. ते जमल्यावर ड्रोनचं नाक आपल्याकडे करा, आणि बघा काय होतं ते! आता डावं उजवं होतं, उजवं डावं. ड्रोनचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला आला ना? इथे मोठ्यामोठ्यांची भंबेरी उडते. रिमोटवर यासाठी 'हेडलेस' नावाचं बटण असतं, ते दाबलं की नाक कुठेही असो, ड्रोन तुमच्या डाव्या-उजव्याप्रमाणे चालतो. आजीनं सुरुवातीला खुशाल वापरावं. तुम्ही मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते बंद ठेवा. स्वतःला ड्रोनमध्ये बसवून डावं-उजवं ठरवायचं, ही विचारांची फार छान कसरत आहे आणि ती बटणाला देऊन टाकू नये.

रिमोट आणि ड्रोन एकमेकांशी बोलतात रेडिओ लहरींनी. त्या लहरी सेकंदाला साधारण २४० कोटी वेळा कंप पावतात, घरातल्या वायफायइतक्याच. अशा एका लहरीची लांबी येते साडेबारा सेंटीमीटर आणि तिच्या चौथ्या हिश्शाएवढी तार ती पकडायला पुरते. ड्रोनच्या पोटातून तीनेक सेंटीमीटरची एक बारीक तार लोंबताना दिसते ना, ती हीच. उगाच लोंबतेय म्हणून कापू नका हं.

कोणी म्हणेल, खेळण्यावर एवढे पैसे कशाला? त्यांना ही गोष्ट सांगा. १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट नावाचे वडील आपल्या मुलांसाठी एक खेळणं घेऊन आले. बूच, बांबू, कागद आणि रबराचा पीळ. पीळ सुटला की ते भिरभिरत छतापर्यंत जायचं. मुलं होती ११ वर्षांचा विल्बर आणि ७ वर्षांचा ऑर्व्हिल. खेळणं मोडलं, तेव्हा त्यांनी तसंच दुसरं बनवलं. उडण्याचं वेड तिथूनच लागलं, असं दोघांनी पुढे सांगितलं. १९०३ साली त्यांचं विमान उडालं. त्या विमानाच्या कापडाचा एक लहानसा तुकडा २०२१ साली मंगळावर पोचला. 'इन्जेन्युइटी' या १.८ किलोच्या छोट्या हेलिकॉप्टरला तो बांधलेला होता. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट, म्हणून त्याची सव्वा मीटरभर लांब पाती मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्या घ्यायची. ते १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालं आणि एकूण ७२ वेळा उडालं. त्याला सूचना देणारी चिप मोबाइल फोनमध्ये वापरतात त्याच जातीची होती.

घरात हात बसला, की मग मैदान. सकाळी लवकर जा. रात्री जमीन निवलेली असते, ऊन चढून हवा तापायला अजून वेळ असतो, त्यामुळे वारा पडलेला असतो. ३०-४० ग्रॅमच्या ड्रोनला झाडाची पानं हलवणारा वाराही भारी पडतो. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर खारं वारं सुटायच्या आत परत यावं. संक्रांतीच्या दिवसांत ड्रोन घरातच ठेवा, आकाशात मांजा असतो. घारी आणि कावळे दिसले, की खाली उतरवा. पावसाळ्याच्या तोंडावर कावळ्यांची घरटी असतात, तेव्हा ते कोणालाच जवळ येऊ देत नाहीत, आणि आपण त्यांच्या पिल्लांना घाबरवायचं काहीच कारण नाही. माणसांच्या डोक्यांवरून, मिरवणुकीवरून, रस्त्यावरून उडवायचं नाही. किल्ल्यावर सहलीला जाताना ड्रोन पिशवीत टाकू नका, संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

आणि घराबाहेर पडण्याआधी एक काम आजी-आजोबांबरोबर बसून करा. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या व्यवस्थेत भारताचा नकाशा आहे, त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग रंगवलेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. विमानतळांच्या आणि लष्करी तळांच्या आसपास हे रंग बदलतात, आणि मुंबईसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळी वेगळे बंदी आदेशही काढतात. तेव्हा आपलं मैदान नकाशावर शोधा, त्याचा रंग बघा, शंका वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, आणि मगच बॅटरी जोडा.